नव्व्याण्णव कोणापाशी ठेवली?

आईच्या ट्रंकेत सगळ्यात तळाशी नाताळचा तारा सापडला. तारा कसला, त्याचा सांगाडा. बांबूच्या कामट्या, त्यांवरचा पतंगी कागद कधीच उडून गेलेला, टोकांना खळीचे वाळलेले पापुद्रे. एक कामटी मधोमध मोडलेली होती आणि त्या मोडीवर काळ्या लोकरीचा धागा गच्च गुंडाळला होता. मी तो नाकाशी नेला. पंचवीस वर्षं डांबराच्या गोळ्यांशेजारी काढूनही त्या धाग्यानं मेंढीचा वास सोडला नव्हता.

आई पावसाळ्यात गेली. ट्रंक उघडायला मला डिसेंबर उजाडला. मी तशीच आहे, जड काम उद्यावर ढकलणारी. नाताळला आठ दिवस राहिले होते. कामट्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि नांदेडहून हिंगोलीची एसटी धरली. डोंगरकड्याला जायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण कंडक्टरनं "कुठं?" म्हणून विचारलं तेव्हा तोंडातून तेच नाव निघालं.

अर्धापूर मागं पडलं आणि खिडकीबाहेर हरभरा लागला. सकाळच्या उन्हात त्याच्या पानांवरची आंब चमकत होती. लहानपणी आम्ही कोरडं फडकं हरभऱ्यावरून ओढत न्यायचो आणि ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायचो. पोट दुखलं की तिचे चार थेंब पाण्यात. नुसत्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटलं, दात आंबले. शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेरी चालली का?" मी "व्हय" म्हणाले. खरं तर माझं तिथं कोणी नव्हतं.

डोंगरकड्याला आई बालवाडीची बाई होती. बाबा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आम्ही राहायचो त्या बाजूला ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळं लोकांना आमचं जरा नवल वाटायचं. "तुमची दिवाळी उशिरा येती," असं म्हणून शेजारणी नाताळच्या करंज्या घेऊन जात. उन्हाळा जवळ आला की गावावर हळद शिजवल्याचा वास पसरून राहायचा, कपड्यांना, केसांना, अगदी माठातल्या पाण्यालासुद्धा. बालवाडीच्या खोलीला मात्र बाराही महिने सुकडीचा, चुन्याचा आणि लेकरांच्या शेंबडाचा असा एक एकत्र वास होता. आज तो मला कुठल्याही अत्तरापेक्षा हवासा वाटतो, आणि तो कुठंही मिळत नाही.

लेकरांना खाऊची सुकडी वाटली की आई क्षणभर डोळे मिटायची. कुणाला तसं करायला सांगायची नाही. पण लेकरंच ती, बाई करतात ते करणार. एकदा एका पोराची आई तणतणत आली. "बाई, पोराला काय शिकवून राहिल्या तुमी? भाकरीपुढं डोळे मिटून बसलं, तवर कुत्र्यानं भाकर नेली!" माझी आई इतकी ओशाळली की तिनं घरातून दुसरी भाकर आणून दिली, आणि त्या पोराला समजावलं की देवाचं नाव उघड्या डोळ्यांनी घेतलं तरी चालतं. लोक हसले. काही जण हसले नाहीत. ते म्हणायचे, ही बाटवायला आली आहे. आईच्या कानावर ते यायचं आणि ती दोन दिवस खालमानेनं चालायची.

बालवाडीमागं लिंबाचं झाड होतं आणि त्याखाली दुपारची सरूमावशीची मेंढरं बसत. सरूमावशी धनगराची. तिचा नवरा मोठा कळप घेऊन आठ-आठ महिने परमुलखात हिंडायचा. म्हातारी, लंगडी, गाभण मेंढरं आणि कोकरं मिळून चाळीसेक डोकी तिच्याकडं असायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात टकळी. ती चालताना सूत कातायची, बोलताना कातायची, रागावली की जास्त भराभर कातायची. आई नि ती एका वयाच्या. बालवाडी सुटली की आई मला घेऊन तिच्याजवळ जाऊन बसे.

एकदा सरूमावशीनं विचारलं, "बाई, दर आयतवारी लेकीला घिऊन कुठं जाती गं?"

"कळमनुरीला, उपासनेला."

"आन तिथं काय करता?"

"गाणी म्हणतो, प्रार्थना करतो. मग ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष देतो."

टकळी थांबली. साक्ष हा शब्द सरूमावशीला चांगला ठाऊक होता. तिच्या दिराची बांधाची केस कळमनुरीच्या कोर्टात वर्षानुवर्षं लोळत पडली होती.

"गवाही? कोनाची केस हाय?"

आईनं हसू दाबलं. "येशूची."

"कोन्या गावचा?"

"लांबचा."

"आन तू कोनाच्या बाजूनं?"

"त्याच्याच."

"मंग बराबर बोल बाई. वकील लई फसवतेत." थोडा वेळ सूत कातून झाल्यावर तिच्या मनात शंका आली. "पर आयतवारी कचेरी उघडी ऱ्हाते व्हय?"

आईनं मग तिला साक्ष म्हणजे काय ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण एकदा मनात बसलेली केस सरूमावशीच्या मनातून उठली नाही. दर सोमवारी ती विचारायची, "लागला का निकाल?" आई म्हणायची, "नाही अजून." "तारीख दिली असंल," असं म्हणून ती हळहळायची. आपल्या मैत्रिणीला दर आठवड्याला एवढी तकलीफ देणाऱ्या त्या कोर्टाचा तिला मनापासून राग होता.

गंमत अशी की आईनं तोवर कधी साक्ष दिलीच नव्हती. कळमनुरीला एका मास्तरांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही जमायचो. सतरंजी, पेटी, भिंतीवर कॅलेंडर. कुणी उठून सांगे, मुलाचा ताप उतरला. कुणी सांगे, नवऱ्याची दारू सुटली. आईही उठायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, घसा कोरडा पडायचा, आणि "देव चांगला आहे" एवढं म्हणून खाली बसायची. येताना काळीपिवळी जीपमध्ये माझ्या कानाशी म्हणायची, "आत सगळं असतं गं, वर येत नाही." तिला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते सरूमावशीला. आपल्याला जे मिळालं आहे ते आपल्या मैत्रिणीला नुसतं दाखवावं, घ्यायचं न घ्यायचं तिचं तिनं बघावं, एवढीच तिची इच्छा होती. भाजी निवडताना ती मधेच म्हणायची, "सरूबाईला एकदा नीट सांगायचंय." मी तेव्हा लहान होते, पण हे तिच्या जिवाला लागून राहिलं आहे हे मला कळत होतं.

शेवटी तिनं धीर करून एक गोष्ट निवडली. मेंढपाळाची. तिला वाटलं असेल, ही सरूबाईला आपली वाटेल.

"एका मेंढपाळाकडं शंभर मेंढ्या होत्या. त्यातली एक हरवली. तर तो नव्व्याण्णव तिथंच सोडून त्या एकीला शोधायला निघाला..."

"थांब. नव्व्याण्णव कोनापाशी ठेवली?"

"रानातच."

"राखायला कोनी न्हाई? कुत्रं बी न्हाई?"

"गोष्टीत तर नाही."

"मंग येडाच हाय तुहा मेंढपाळ! एकीपायी नव्व्याण्णव लांडग्याला घालतो व्हय?"

"पण ती सापडली ना, तेव्हा त्यानं तिला खांद्यावर घेतलं सरूबाई."

"ते तर समदेच घेतेत. दमलेलं लेकरू खांद्यावर घ्यावंच लागतंय. माहं इचारणं दुसरं हाय."

पुढच्या रविवारी आईनं उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही. सरूमावशीला हे कळलं तेव्हा तिला फार समाधान वाटलं. कुणी ना कुणी चूक केली होतीच, आणि ती तिनं पकडली होती.

असे दिवस. त्यांत कुठला आधी, कुठला नंतर, हे मला आता सांगता येणार नाही. लिंबोळ्यांचा सडा, कोकरांचं बारीक ओरडणं, लोकर कातरायच्या दिवसांत हवेत तरंगणारे काळे तंतू, आणि त्या दोघींचं चाललेलं बोलणं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत ते ऐकत असे. त्या झोपेतून मला कुणी उठवायला नको होतं.

तारा मोडला त्या साली मी चौथीत होते. नाताळच्या आधीचा शनिवार. दुपारी आई आणि मी लिंबाखाली तारा करत बसलो होतो. कामट्या मीच भिजवून ठेवल्या होत्या, खळ वाटीत, लाल आणि पिवळा कागद दगडाखाली. सरूमावशीनं मेंढरांवरून नजर फिरवली आणि उभी राहिली. ती मेंढरं मोजायची नाही. नुसतं बघून तिला कळायचं.

"पांढऱ्या कानाचं कोकरू न्हाई. बाई, वढ्याकून बघून येते, तवर ध्यान ठिवती का?"

आईचा चेहरा असा खुलला! "जा तुम्ही. नव्व्याण्णव माझ्यापाशी ठेवा."

"आता झाला मेंढपाळ शाना," सरूमावशी म्हणाली आणि हसत ओढ्याकडं गेली.

आई पहिली पाच मिनिटं काठी घेऊन पहाऱ्यावर उभी राहिली. मग एक कामटी वाकेना, म्हणून खाली बसली. मग लाल कागद आत की पिवळा, यावर आमचं वाजलं. ती गुणगुणत होती. खळ हाताला चिकटत होती. आम्ही मान वर केली तेव्हा लिंबाखाली फक्त सावली होती.

मेंढरं शेजारच्या शेतात, किशनरावांच्या हरभऱ्यात होती. आई धावली. आयुष्यात तिनं मेंढरू हाकललं नव्हतं. ती "चला, चला" म्हणत होती, बालवाडीत म्हणायची तसं. मेंढरं तिच्याभोवती गोल फिरून परत हरभऱ्यात शिरायची. दोन-चार तर आमच्या ताऱ्यावरून गेली. तेवढ्यात सरूमावशी आली, खांद्यावर कोकरू घेऊन. तिनं ते खाली ठेवलं, जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला, आणि सगळी मेंढरं बाहेर आली. त्यांच्या तोंडांना आंबट वास येत होता. तिनं आधी एकेकीचं पोट दाबून पाहिलं, हिरवा हरभरा पोटात फुगतो म्हणून. मग हरभऱ्याकडं पाहिलं. दोन-तीन ओळी साफ झाल्या होत्या.

मेंढरं हाकून नेताना सरूमावशीला किशनरावांच्या गड्यानं पाहिलं. आईला पाहिलं नाही.

शेतात मेंढरं बसवायची आणि त्या खताबद्दल ज्वारी घ्यायची, यावर सरूमावशीचं घर चालायचं. ज्या धनगरणीची मेंढरं उभ्या पिकात शिरतात तिला शेतात कोण बसू देणार? शिवार सोडून जावं लागतं. आणि किशनराव बालवाडीच्या कमिटीवर होते. हे दोन्ही त्या दोघींना ठाऊक होतं.

"तू यातलं एक अक्षर बोलू नको," सरूमावशी आईला म्हणाली. "तुह्यावर आधीच समद्यायचा डोळा हाय. बालवाडी जाईल तुही. माहं काय, मी जाईन दुसऱ्या शिवारात."

"पण चूक तर..."

"मेंढरं माही हायत ना? मंग चूक बी माहीच."

त्या संध्याकाळी आईनं चहा केला आणि प्यायची विसरली. कप साय धरून तसाच राहिला.

सकाळी आम्ही धुतलेले कपडे घालून कळमनुरीच्या जीपची वाट बघत उभे होतो. जीप पारापाशीच थांबायची. पारावर किशनराव आणि चार-पाच माणसं बसली होती, खाली सरूमावशी पदर डोक्यावर घेऊन उभी. टकळी हातात होती, पण फिरत नव्हती. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "चुकलं माहं. ध्यान ऱ्हायलं न्हाई." किशनराव म्हणाले, "बाई, आठ दिसांत मेंढरं शिवाराबाहेर न्या."

जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी आईचा हात धरला होता. मला वाटलं, आता आई चढणार. खरं सांगायचं तर मला तिनं चढावंसं वाटत होतं.

आईनं माझा हात सोडला आणि पाराकडं गेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला पुढचं पाठ होतं, आता घसा कोरडा पडणार आणि ती खाली बसणार. पण तिथं बसायला सतरंजी नव्हती.

"सरूबाई तिथं नव्हत्या," ती म्हणाली. "त्या कोकरू शोधायला गेल्या होत्या. मेंढरं माझ्यावर सोडली होती. मी तारा करत बसले. माझं लक्ष नव्हतं. हरभरा माझ्यामुळं गेला."

किशनरावांनी तिच्याकडं पाहिलं. "बाई, तुमी काहून मधात पडून राहिल्या?"

"मधे नाही पडले. पहिल्यापासून मीच होते."

जीप निघून गेली. किशनराव म्हणाले, "मेंढरं राहू द्या." आणि उठता उठता, "बालवाडीचं पाहू मंग." त्यांच्या आवाजात राग होता की अजून काही, मला सांगता येत नाही.

सरूमावशीनं आईकडं वळून पाहिलं. डोळे भरले होते, पण तोंडानं ती सरूमावशीच होती. "हीच का गं ती साक्ष?" ती म्हणाली. "आयतवारी बी उघडी ऱ्हाते म्हनायची कचेरी."

दोघी भर पारावर हसायला लागल्या. मला मात्र रडू आलं, का ते कळलं नाही.

दुपारी ती आमच्या घरी आली. मोडलेली कामटी तिनं गुडघ्यावर घेतली, टकळीवरचा ताजा धागा तोडला आणि हाड बसवल्यासारखी ती बांधून दिली. तारा दारावर लागला, जरा तिरपा. करंजी खाता खाता तिनं विचारलं, "हे काहून लावता गं?" आणि माझी आई बोलायला लागली. गोठ्यातल्या बाळापासून थेट त्या मेंढपाळापर्यंत सगळं, ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत. तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. सरूमावशी मधेमधे हुंकार देत होती. तिच्या घरातला खंडोबा त्यानंतरही जागचा हलला नाही, आणि आईनंही कधी त्याच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. फक्त सोमवारी निकाल विचारायचं सरूमावशीनं थांबवलं.

पुढच्या रविवारी कळमनुरीला साक्षीची वेळ आली तेव्हा आई उठलीच नाही. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाली, "माझी झाली. तिकडंच झाली."

जूनमध्ये बालवाडीला दुसरी बाई आली. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. आम्ही आधी कळमनुरीला, मग नांदेडला. दिवस गेले, पत्र्याच्या ट्रंकेवर ट्रंक चढली. मी एका शाळेच्या ऑफिसात लागले. तिथं कुणी विचारलं, तुम्ही गणपती बसवत नाही का, की मी म्हणायचे, "आमच्यात नसतो," आणि फायलीत डोकं घालायचे. यापलीकडं मी कधी कुणाला काही सांगितलं नाही. आईचा कोरडा घसा मला मिळाला, पारावरची तिची ती सकाळ काही मिळाली नाही.

एसटीतून उतरले. बालवाडीच्या खोलीत आता कुणाचं तरी खताचं गोदाम झालं आहे. लिंब आहे. लिंबाखाली मेंढरं आहेत. आणि सरूमावशी आहे, पाठीत वाकलेली, शेजारी सात-आठ वर्षांची नात. मी ओळख सांगायच्या आत तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"माय कशी हाय?"

"गेली मावशी. पावसाळ्यात."

तिनं टकळी मांडीवर ठेवली. मग नाक पुसत म्हणाली, "मिटली म्हन की तिची केस."

"मिटली."

मी वर्तमानपत्र सोडून कामट्या तिच्यापुढं ठेवल्या. तिनं तो धागा अंगठ्यानं चाचपला. नातीनं विचारलं, "आजे, ही कोन?"

"ही बालवाडीच्या बाईची लेक."

पोरगी ताडकन उठून बसली. "हरभऱ्यावाल्या बाईची?" आणि माझ्याकडं वळून ती एका दमात सांगायला लागली. एक मेंढपाळीण होती, तिच्यापाशी शंभर मेंढरं होती, एक कोकरू हरवलं. "मंग तिनं नव्व्याण्णव बाईपाशी ठेवली. आन बाईनं समदी हरभऱ्यात घातली! पर बाई लबाड बोलली न्हाई. उभी ऱ्हायली आन म्हनली, मीच व्हते."

सरूमावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुह्या मायची गोष्ट अधुरी व्हती. म्या पुरी केली."

"खरंच झाल्तं का हे?" पोरीनं मला विचारलं. "आजी लई फेकती."

"खरं आहे. मी तिथं होते."

"आन आजी म्हनती, पहिला मेंढपाळ कोनी दुसराच व्हता. त्यो कोन?"

सरूमावशीनं टकळी उचलली. "हिला इचार," ती म्हणाली. "मला काय ठाव. मी दुसऱ्या बाजूची."

माझा घसा कोरडा पडला, अगदी ओळखीचा. ओढणीचं टोक कधी बोटाला गुंडाळलं गेलं, कळलं नाही. नांदेडची परतीची एसटी फाट्यावर हॉर्न देत होती. पोरगी वाट बघत होती.

मी तारा मांडीवर घेतला आणि सांगायला लागले.